गांजाची पैदास: देशी वाण राखावा की संकर करावा?

गांजाच्या पैदाशीचा परवाना असलेल्या संशोधकाला किंवा बियाणे उत्पादकाला पहिला निर्णय असा घ्यावा लागतो, की एखाद्या प्रदेशातील देशी वाण शुद्ध राखून त्यातच निवड करत जायचे, की दोन दूरच्या वाणांचा संकर करायचा.

दोन टोकांची झाडे शेजारी ठेवली की प्रश्न नीट दिसतो. हिंदुकुश भागातील झाड बुटके असते, त्याच्या पानाच्या पाती इतक्या रुंद असतात की एक दुसरीवर चढते, आणि फुलोरा साधारण आठ-नऊ आठवड्यांत भरतो. कोरड्या हवेत त्याचा दाटपणा हा गुण ठरतो. दमट हवेत मात्र आत ओल अडकते आणि बाहेरून निरोगी दिसणारा तुरा बोटांनी उकलला, तर पोटात करडी बुरशी सापडते. थायलंडकडील झाड उंच, अरुंद पातींचे आणि विरळ फुलोऱ्याचे असल्यामुळे बुरशीला कमी बळी पडते, पण त्याला बारा आठवड्यांहून अधिक काळ लागतो, आणि थंडी लवकर पडते तेथे ते पक्व होण्याआधीच हंगाम संपतो.

ही अडचण संकराने बरीच सुटते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांपासून तयार झालेला 'स्कंक नंबर वन' हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तरीही 'एफ-१' (म्हणजे संकराची पहिली पिढी) या शिक्क्यावर फार विसंबू नये, असे मला वाटते. मक्याच्या संकरित बियाण्यामागे अनेक पिढ्या अंतःप्रजननाने स्थिर केलेले पालक असतात. देशी गांजाचे पालक स्वतःच मिश्र असल्याने त्यांची पहिली पिढीही पूर्ण एकसारखी निघत नाही. दुसऱ्या पिढीत तर गुण उघड फुटतात: टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) प्रधान आणि सीबीडी (नशा न आणणारे द्रव्य) प्रधान झाडांच्या संकराची पहिली पिढी साधारणपणे दोन्ही द्रव्ये धरते, पण तिच्या शंभर संततींपैकी सुमारे २५ एका बाजूला, २५ दुसऱ्या बाजूला आणि ५० मधल्या गटात जातात. स्थिर वाण हवा असेल, तर यापुढे कित्येक पिढ्यांची निवड बाकी असते.

देशी वाण राखणेही फुकटचे नाही. नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात, परागण वाऱ्याने होते, आणि मोजक्याच झाडांवर बी धरले तर काही पिढ्यांत जोम घटतो. त्यामुळे मोठी संख्या आणि पुरेसे विलगीकरण अनिवार्य ठरते. मोरोक्कोच्या रीफ डोंगरभागात हा पेच प्रत्यक्ष दिसतो: तेथील 'बेल्दिया' हा जुना वाण पावसाच्या पाण्यावर तगतो, तर बाहेरून आलेले 'खर्दाला'सारखे संकर अधिक उत्पन्न देतात, पण सिंचनाचे बरेच पाणी ओढतात.

त्यामुळे हंगाम लहान असेल, पाण्याची शाश्वती असेल आणि दरवर्षी नवे बियाणे घेणे परवडत असेल, तर संकर निवडावा. कोरडवाहू जमीन आणि घरचेच बी हवे असेल, तर देशी वाण बरा. दोन्ही एकाच आवारात करायचे ठरल्यास क्रम मात्र पाळावा: देशी वाणाचे मुबलक बी आधी धरून, सुकवून शीतगृहात ठेवावे, आणि त्यानंतरच संकराच्या नराला फुलू द्यावे.