आलूची भाजी: हिरवी मिरची चिरून घालावी की ठेचून?

आठवडी बाजारातून आलू आणि पावशेर हिरवी मिरची घरी आली की ती मिरची भाजीत चिरून घालावी की लसणासोबत ठेचून, हा प्रश्न आमच्या विदर्भातल्या खेड्यांत हमखास निघतो. माझ्या मते त्याचे उत्तर मिरचीपेक्षा आलूवर अवलंबून आहे. आलू कच्चा चिरून शिजवायचा की उकडून घ्यायचा, हे आधी ठरवावे.

कच्च्या आलूला चिरलेली मिरची मानवते. अर्धा किलो आलूच्या पातळ फोडी झाकण ठेवून मंद आचेवर शिजायला 15 ते 20 मिनिटे लागतात आणि एवढा वेळ ठेचलेली मिरची कढईच्या बुडाशी राहिली तर ती करपून भाजी कडवट होते. उभी चिरलेली मिरची मात्र त्याच तेलात सावकाश नरम पडते आणि लहान मुलांच्या ताटातून वेचूनही काढता येते. लिंबू शेवटीच पिळावे, कारण आंबटामुळे फोडी लवकर शिजत नाहीत.

उकडलेल्या आलूची गोष्ट वेगळी आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो, ते बियांपेक्षा बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात अधिक असते आणि ते पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळते. त्यामुळे 6 ते 8 मिरच्या, 8 ते 10 लसणाच्या पाकळ्या, जिरे आणि मीठ खलबत्त्यात जाडसर ठेचून मंद आचेवर मिनिटभर परतले की तिखट तेलात उतरते आणि हाताने फोडलेल्या आलूच्या खडबडीत कडा ते तेल धरून ठेवतात. प्रत्येक घास सारखाच झणझणीत लागतो. आच मोठी ठेवल्यास ठसक्याने घरातली माणसे अंगणात येतात. मिक्सरमध्ये पाणी घालून केलेले वाटण येथे चालत नाही, कारण त्यातली मिरची परतली न जाता नुसती शिजते. भिवापुरी मिरचीचे लाल तिखट रश्श्याला उत्तमच, पण या सुक्या भाजीत त्याने ओल्या मिरचीचा वास दबतो.

शेतावरच्या डब्यासाठी मी कच्च्या आलूचीच भाजी निवडतो, कारण ओलावा कमी असल्याने ती दुपारपर्यंत चिकट होत नाही. घरी ज्वारीच्या गरम भाकरीसोबत खायची असेल, तर ठेच्याची भाजी करून वर सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि चमचाभर कच्चे जवसाचे तेल घालावे.