बोल्टवाली स्टीलची पॅनल टाकी, वर्षभराच्या वापरानंतर: टाकीला पैकीच्या पैकी, बोल्टांना भोपळा

अपार्टमेंटला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची बोल्टवाली पॅनल टाकी बसवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला. चार बाय तीन बाय तीन मीटर, म्हणजे कागदावर ३६ हजार लिटर, वरची मोकळी जागा सोडली की ३३-३४ धरा. पॅनलची जाडी, गॅस्केट, आतले टाय रॉड वगैरे ब्रोशरमध्ये सगळं असतंय, ते परत लिहीत बसत नाही. मी लिहितोय ते बोल्टांवर, कारण या बोल्टांनी माझं डोकं उठवलंय.

आधी एवढंच सांगतो की ही टाकी घेतलीच का. आम्ही कोल्हापुरात रमणमळ्यात राहतो, आमचा जुना संप जमिनीखाली. २०१९ ला पुराचं पाणी संपात गेलं, २०२१ ला परत तेच, नुसता गाळ आणि ड्रेनेजचा वास, आणि २०१९ ला तर पंपिंग स्टेशनंच पाण्याखाली गेल्यामुळं शहरभर टँकरच्या मागं पळापळ. आता काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन आली म्हणून नदी आमच्या दारात यायची थांबणार आहे का? म्हणून जमिनीच्या वर, उंच ओट्यावर टाकी पाहिजे होती. मागच्या बोळातनं क्रेन सोडा, धड हातगाडी जात नाही. पॅनल दोघा पोरांनी हातानं उचलून आत नेले आणि जागेवर जोडले. इथपर्यंत नाद खुळा.

पावसाळ्यात मीटर बघायला मागं गेलो तर पॅनल चकाचक आणि बाहेरच्या जोडांवरच्या बोल्टांखालनं तांबडे ओघळ. सगळ्या नाही, मागच्या भिंतीकडच्या, जिथं सहसा कोणी बघत नाही तिथल्या. बोट फिरवलं तर बोटाला गंज. पुढच्या दर्शनी बाजूच्या बोल्टांच्या डोक्यावर ए२-७० असं (म्हणजे स्टेनलेसची खूण) उठवलंय, मागच्यांवर काहीच नाही, साधे झिंक प्लेटिंगचे. म्हणजे फोटोत येणारी बाजू स्टेनलेस आणि भिंतीकडची बाजू लोखंडी! कोटेशनमध्ये 'सर्व फास्टनर्स एसएस' (म्हणजे सगळे नट-बोल्ट स्टेनलेस) असं स्वच्छ लिहिलेलं आहे. सर्व म्हणजे सर्व की.

कंपनीला फोन लावला (नाव लिहीत नाही, बाहेरगावची आहे). सर्व्हिसवाला म्हणाला, "सर, बाहेरचे बोल्ट पाण्याला टच होत नाहीत, काही इश्यू नाही." म्हटलं बाबा, कोल्हापूरचा पावसाळा बघितलायस काय कधी? आत गार पाणी, बाहेर दमट हवा, टाकीला रोज घाम सुटतोय, जोडावरनं पाणी ठिबकतंय. त्यात दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना लागले की त्यातला लवकर गंजणारा धातू आधी खपतो, आणि इथं एवढ्याशा बोल्टासमोर स्टीलची अख्खी भिंत. झिंक किती दिवस टिकणार? त्यावर उत्तर आलं की व्हिजिट चार्जेबल आहे. वॉरंटीत लीकेज येतंय म्हणे, गंज नाही. बोल्ट गंजून तुटला की लीकेज होईल तेव्हा या म्हणायचं का मग?

तोवर इकडं आमच्या मीटिंगमध्ये वेगळाच गोंधळ. कोणीतरी फ्रिजवरचा मॅग्नेट आणून पॅनलला लावला, पॅनलच्या फुगवट्याच्या कडेला तो हलकासा धरला, झालं! "फसवलं, हे २०२ आहे!" (म्हणजे स्वस्तातलं स्टेनलेस) म्हणून सगळे माझ्यावर, कारण खजिनदार मी. मलाही त्या वेळी तसंच वाटलं, बोल्टात चिंधीगिरी करणारा पत्र्यात कशाला सोडतोय? ग्रुपवर मी कंपनीबद्दल बरंच काही लिहिलंही.

पण टाकीला आउटलेटसाठी भोक पाडलं होतं त्याची गोल चकती फिटरनं मीटररूममध्येच टाकली होती आणि वॉचमनच्या बायकोनं ती तुळशीच्या कुंडीखाली सरकवलेली. ती धुतली आणि शिरोलीला मित्राकडं घेऊन गेलो, त्यांच्या फाउंड्रीत एसएसचे व्हॉल्व्ह ओततात, धातूत काय काय किती आहे ते सांगणारं स्पेक्ट्रो मशीन आहे. चकती घासून ठिणगी मारली, रिपोर्ट आला: क्रोमियम १८ च्या वर, निकेल ८ च्या वर, मँगनीज २ च्या आत. अस्सल ३०४. २०२ असतं तर मँगनीज सात-आठच्या वर आणि निकेल चार-सहाच्या घरात दिसलं असतं. मित्रानं समजावलं की ३०४ दाबून फुगवटा काढला की तिथं थोडं चुंबक लागतंच, आणि २०२ ला पण फारसं लागत नाही, त्यामुळं मॅग्नेटवरनं या दोघांतला फरक कळतच नाही. तेव्हा पत्र्याबद्दल माझी तक्रार मागं. पत्रा एक नंबर आहे. त्यामुळंच बोल्टांचा जास्त राग येतो. एवढा महागाचा पत्रा घातला आणि वाचवलं कशात तर नट-बोल्टात! सगळे बोल्ट बदलायला जो खर्च आला तो आमच्या एका महिन्याच्या मेंटेनन्सच्या वर्गणीएवढा पण नाही.

हो, शेवटी आम्हीच बदलले. उद्यमनगरातनं ए२-७० चे आणले, बिल जपून ठेवलंय. यातही एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडाच मशीननं सुसाट फिरवला की आटे एकमेकांना धरतात, मग नट ना पुढं ना मागं, ग्राइंडरनं कापायचा. आमच्या फिटरनं पहिल्याच फटक्यात तसा एक जाम केला. मग आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावून, हातपान्यानं सावकाश, आणि पाणी उतरवून एकेक बोल्ट काढून लगेच नवा, असं केलं. आणि ग्राइंडर चालवायचाच असेल तर पॅनलवर ओलं पोतं टाका, लोखंडाचा कीस उडून पत्र्यावर बसला की दोन पावसात तांबडे ठिपके येतात आणि परत लोक मॅग्नेट घेऊन फिरायला लागतात.

बाकी टाकीचं कौतुकच आहे. उजेड आत जात नाही म्हणून शेवाळ नाही. जुन्या संपात उतरलं की बुळबुळीत लागायचं, इथं तळ पुसला की झालं. मेमध्ये दुपारी वरचं पाणी तापतं, सावली करून घ्या. भरताना आवाज येतो, तळमजल्याच्या वहिनींनी तक्रार केल्यावर इनलेटचा पाइप तळापर्यंत खाली नेला, बॅकफ्लो होऊ नये म्हणून वर हवेचं भोक ठेवलं.

साफसफाईवाल्यांवर मात्र लक्ष ठेवा. आमच्याकडं आलेला गडी फरशी धुवायचं अ‍ॅसिड घेऊनच आत उतरायला निघाला होता! मी ओरडलो म्हणून वाचलं. ते अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, स्टेनलेसचं वाटोळं करतंय. ब्लीचिंग पावडरही थेट तळाला ओतायची नाही, जिथं ढीग बसेल तिथं खड्डे पडतात. क्लोरीनचा खरा त्रास पाण्याखाली नाही, पाण्याच्या वर होतो, वाफ छताला धरते आणि तिथं थेंब वाळत जाईल तसा जास्त तीव्र होत जातो. आमच्या छताच्या आतल्या बाजूला आत्ताच चहासारखे डाग आहेत. छताचे पॅनल तरी ३१६ चे घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते क्लोरीनसमोर जास्त टिकतं, हे कोटेशनच्या वेळीच मागा.

पूरवाल्या भागात असाल तर आणखी एक. टाकीचं स्वतःचं वजन एक-दीड टन असेल नसेल. तळ १२ चौरस मीटरचा, म्हणजे बाहेर एक मीटर पाणी चढलं तर १२ टनाची उचल. रिकामी टाकी होडीसारखी निघून जाईल. आम्ही ओट्याला अँकर मारलेत, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला गेली की टाकी काठोकाठ भरून ठेवायची असं ठरवलंय, धोक्याच्या ४३ ची वाट बघायची नाही.

कंपनीच्या बिलातले पाच टक्के आम्ही वर्षासाठी राखून ठेवले होते, ते मागायला आता त्यांचा फोन येतोय, या वेळी व्हिजिट पण फुकट म्हणे. बोल्ट, पेस्ट आणि फिटरची मजुरी वजा करून उरलेले देणार, तसं बिलांच्या झेरॉक्ससकट पत्र पाठवलंय. गंजके बोल्ट पोत्यात भरून ठेवलेत, त्यांचे ते घेऊन जाऊ देत.