हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर पॅक लावावा की जखम उघडी ठेवावी?

हिरड्यांची शस्त्रक्रिया ठरली की टाके किती पडतील हे रुग्ण आवर्जून विचारतो. त्यांवर पॅक लावणार का, हे विचारायचे मात्र राहून जाते.

पॅक म्हणजे झिंक ऑक्साइडयुक्त दोन पेस्ट मळून केलेला, बहुधा गुलाबी रंगाचा लगदा, जो दातांच्या फटींत दाबून बसवल्यावर थोड्या वेळात घट्ट होतो. त्याने जखम लवकर भरते असे नाही. जीभ, ब्रश आणि अन्नकण यांपासून आडोसा देणे एवढेच त्याचे काम. जुन्या पॅकमध्ये लवंगेच्या तेलातले युजेनॉल असे. ते उघड्या जखमेला झोंबते म्हणून आता युजेनॉलविरहित पॅक अधिक वापरले जातात. (घरी लवंगेच्या तेलाचा बोळाही याच कारणाने ताज्या जखमेवर ठेवू नये.)

फ्लॅप सर्जरीत हिरडी बाजूला सारून मुळे साफ करतात आणि ती पुन्हा शिवतात. कडा नीट जुळल्या असतील तर तिथे पॅक नसलेला बरा, असे माझे मत आहे, कारण त्याखाली कीटण साचते आणि क्लोरहेक्सिडिनची (जंतुनाशक द्रवाची) गुळणी जखमेपर्यंत पोहोचत नाही. या गुळणीने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि काही दिवस तोंडाची चव जाते, पण हे दोन्ही तात्पुरते असते. वाढलेली हिरडी कापून काढली असेल, तर मात्र मागे उघडा, हुळहुळा पृष्ठभाग उरतो आणि तिथे आठवडाभर पॅक ठेवल्याने जेवताना खरोखर सुसह्य होते.

सर्वांत जास्त विचार करावा तो टाळूचा. खाली सरकलेल्या हिरडीवर लावण्यासाठी टाळूवरून त्वचेसारखा पापुद्रा काढला, तर हिरडीपेक्षा टाळूच अधिक दुखतो. प्रत्येक घोटाला जीभ तिथे लागते आणि जखम कडांकडून भरत यायला दोन ते चार आठवडे जातात. तिथे फटी नसल्याने साधा पॅक टिकत नाही. कोलॅजनचा तुकडा टाक्यांनी बांधणे, वर सायनोअॅक्रिलेटचा (जखमेवर वापरायच्या गोंदाचा) थर देणे किंवा टाळू झाकणारी अॅक्रिलिकची प्लेट बसवणे, हे पर्याय उरतात. मी प्लेटच्या बाजूने आहे, पण तिचे माप शस्त्रक्रियेपूर्वीच द्यावे लागते, म्हणून हा निर्णय आधी घ्यावा. पापुद्र्याऐवजी आतली ऊती काढून वरचा भाग शिवता येईल का, हेही विचारावे. तसे झाल्यास दुखणे बरेच कमी असते.

कोणताही पर्याय निवडला तरी पहिले दोन-तीन दिवस वेदनाशामक गोळी लागतेच, आणि ती बधिरपणा उतरण्यापूर्वी घ्यावी. जेवणानंतर आयबुप्रोफेन सहसा पुरते. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे ते पॅरासिटामॉलचा विचार करतील. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढत गेले, सूज आली किंवा ताप आला, तर वाट न पाहता दाखवावे. पॅकचा तुकडा मऊ भात खाताना निघून आला, तर तो पुन्हा चिकटवू नये. रक्त येत नसेल आणि दुखत नसेल, तर फोन करून विचारणे पुरेसे असते.