एल्डन रिंग : निम्मं बाजूला ठेवूनही संपतो, म्हणूनच भारी

आमच्या घरात एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम तिघांनी संपवला: मी, माझी धाकटी बहीण आणि सुट्टीला कळंब्याहून येणारा भाचा. डिस्क एक, पीएस फाइव्ह एक, प्रोफाइल तीन. मी ढाल-तलवारीवर, बहीण घोडा आणि धनुष्यावर, भाचा निव्वळ जादूवर. शेवटचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, तिघांनीही पाडला. नंतर जेवताना कोणी काय वापरलं याचा हिशोब निघाला, तेव्हा कळलं की गेमनं दिलेल्यातलं निम्मं तरी प्रत्येकानं हात न लावता तसंच ठेवलंय.

मी स्पिरिट अॅशेस, म्हणजे मदतीला बोलवायचे आत्मे, एकदाही बोलावले नाहीत. मला समोरच्याशी एकट्यानं भिडायचं होतं. भाच्यानं पॅरी, म्हणजे ऐन वेळी शत्रूचा वार झटकून लावणं, शेवटपर्यंत केली नाही, ढाल तर पाठीलासुद्धा लावली नाही. ग्रेट रून, म्हणजे मोठ्या बॉसना पाडून मिळणाऱ्या शक्ती, यांचंही तेच. लेंडेल शहरात शिरायला दोन ग्रेट रून जवळ असावे लागतात, म्हणून त्यानं ते मिळवले. पण डिव्हाइन टॉवरवर जाऊन ते जागवायचे, मग रून आर्क नावाची वस्तू वापरून चालू करायचे, या भानगडीत तो पडला नाही. गॉड्रिक या बॉसचा एकटा रून सगळे गुण पाच-पाचनं वाढवतो, हे मी त्याला सांगितलं. "मामा, माझं त्याच्यावाचून काय अडलंय का?" असं त्यानं विचारलं. खरंच अडलं नव्हतं.

फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, तेव्हापासून लोक त्याच्या अवघडपणाबद्दलच बोलतात. माझ्या लेखी त्याची खरी करामत वेगळी आहे. तुम्ही एक वाट पकडून बाकीचं सोडून दिलंत, तरी तो तुमच्यावर रुसत नाही. पहिल्या पाच मिनिटांतच हे दिसतं. लढाईचे धडे देणारी गुहा एका खड्ड्यात आहे. काठावर बसलेलं भूत तुम्हाला खाली उडी मारायला सांगतं. नाही मारलीत तर धडे राहतात आणि दार उघडून तुम्ही सरळ लिमग्रेव्ह या पहिल्या मुलखात. आत्मे बोलवायची घंटी चर्च ऑफ एलेहमध्ये रेना नावाची चेटकीण देते. ती भेट हुकली, तर पुढं राउंडटेबल होल्ड या तळावर तीच घंटी विकत मिळते. लेव्हल एकवर, एकदाही न वाढवता, हा गेम संपवणारे लोक जगात आहेत.

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. आमच्याकडं व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, एक जुने ऑपरेटर आहेत. ड्रिलिंगला जी ८१ची तयार सायकल, म्हणजे एका आज्ञेत भोक पाडायची सोय, असताना ते प्रत्येक भोकाला जी ०१नं खाली आणि जी ००नं वर असं स्वतः लिहितात. प्रोग्रॅम लांबतो, पण जॉब गेजमध्ये चोख बसतो आणि कंट्रोल त्यांना अडवत नाही. एल्डन रिंग असा आहे. ठरलेली सायकल वापरलीच पाहिजे अशी सक्ती करणारे गेम मी पुष्कळ खेळलोय, आणि त्यातले बरेच अर्ध्यात सोडलेत.

माझी वाट कशी चालली ते मार्गिट या बॉसवरून सांगतो, कारण बहुतेक लोक पहिल्यांदा तिथंच अडतात. स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या तोंडाशी तो उभा असतो. तो काठी उगारतो आणि तशीच वर धरून ठेवतो. आता मारणार म्हणून तुम्ही लोळण घेता, लोळण संपते, आणि मग काठी डोक्यात बसते. सगळे म्हणतात त्याची वेळ पाठ करा. मी पाठ केली नाही. गेटफ्रंट या ठिकाणच्या शिपायांकडून ब्रास शील्ड मिळते, ती हत्याराचा मार शंभर टक्के अडवते. ढाल वर धरून उभं राहायचं. त्यानं लगेच मारू दे नाहीतर दमानं मारू दे, काठी ढालीवर आदळली की त्याच क्षणी आर टू बटण दाबायचं. याला गार्ड काउंटर म्हणतात. खणकन आवाज होतो, तलवार पुरी फिरते, आणि असे तीन-चार बसले की मार्गिट गुडघ्यावर येतो. त्याच्या सोन्याच्या खंजिरांचा मार थोडा आत शिरतो. लक्ष मात्र दमाच्या हिरव्या पट्टीवर ठेवावं लागतं, कारण ती संपली की ढाल बाजूला फेकली जाते. लोळण घेणं या गेमचा कणा मानतात. पहिल्या निम्म्या गेममध्ये मी ते जवळजवळ वापरलंच नाही.

बहिणीनं मार्गिटला हातच लावला नाही. किल्ल्याच्या कडेनं मोडक्या पुलापासून एक पायवाट आहे, त्या वाटेनं ती थेट लिउर्निया या पुढच्या मुलखात उतरली. तिकडं भरपूर फिरून, हत्यार वाढवायचे दगड गोळा करून, धनुष्य वाढवून ती परत आली. तोवर मार्गिट तिच्यासमोर फार वेळ टिकला नाही. "दादा, तू दारावर डोकं आपटत बसलास, मी खिडकीतनं गेले," असं ती अजून ऐकवते. शेवटच्या एल्डन बीस्टलाही तिनं घोड्यावरून गाठलं. तो तरंगत लांब जातो आणि आपण मागनं पळत राहतो, तिथं पूर्वी घोडा बोलवता येत नव्हता. २०२४ च्या जूनमधल्या अपडेटनं ती सोय केली. भाचा त्याआधी खेळला होता, त्याला पायीच पळावं लागलं. या एका गोष्टीवरून मावशी-भाच्यात अजून वाद होतो.

कुणी काय सोडावं याला हद्द आहेच. आम्हा तिघांनीही न सोडलेली गोष्ट एकच: हत्यार वाढवणं. साधं हत्यार स्मिदिंग स्टोननं पंचवीसपर्यंत जातं, खास हत्यार सॉम्बर स्टोननं दहापर्यंत. नवीन माणसानं आत्मे, जादू, क्राफ्टिंग (वस्तू बनवणं) सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल, पण हे दगड आणि औषधाची बाटली वाढवणारी गोल्डन सीड दिसतील तिथं उचलावीत.

आणि काही ठिकाणी तुमच्या वाटेचं मोल चुकवावं लागतं. मलेनिया या बॉसचा प्रत्येक वार तुम्हाला लागला की तिचं रक्त भरतं. वार ढालीवर घेतला तरी भरतं. म्हणजे माझी सगळी पद्धत तिच्यापुढं उलटी पडते. गेमनं मात्र तिला मुख्य वाटेवर ठेवलेलं नाही, ती हॅलिगट्री या आडवाटेच्या भागाच्या तळाशी आहे आणि तिथं गेलंच पाहिजे असं नाही. मी तिला सोडून पुढं गेलो. भाच्यानं मिमिक टियर काढून, म्हणजे स्वतःचाच दुसरा अवतार सोबत घेऊन, तिला पाडलं. नाद खुळा लढाई झाली, मी बाजूला बसून बघितली.

माझी खरी तक्रार आहे ती सांगण्याबद्दल. काय सोडलं तर चालतं आणि काय सोडलं तर हाल होतात, यातला फरक गेम नीट कळू देत नाही. २१ जून २०२४ ला आलेलं शॅडो ऑफ द अर्डट्री हे डीएलसी, म्हणजे वेगळं विकत मिळणारं वाढीव प्रकरण, याचं ठळक उदाहरण. तिथं स्कॅडुट्री फ्रॅगमेंट गोळा करून आशीर्वादाची पातळी वीसपर्यंत वाढवायची असते. तुमचा मारा आणि सोसण्याची ताकद त्यावर ठरते. मूळ गेममध्ये कमावलेली लेव्हल तिथं एकटी पुरत नाही. पण ज्या गेमनं शंभर तास "हवं ते सोड" असं शिकवलं, त्याच्यातली ही नवी गोष्टही लोकांनी सोडली. डीएलसी अशक्य आहे असा गलका झाला, ते तुकडे वापरा अशी आठवण कंपनीला करून द्यावी लागली, आणि पहिल्या आठवड्यातच अपडेट काढून सुरुवातीच्या पातळ्यांची ताकद वाढवावी लागली. मला यात खेळणाऱ्यांचा दोष दिसत नाही.

दुसरी अडचण भाषेची. गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. वस्तूंची वर्णनं जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत आणि निम्मी माहिती त्यातच दडलेली. बहीण बँकेत इंग्रजी कागद रोज हाताळते, ती सगळं वाचत गेली. आमच्या शॉपमधली पोरं वर्णन न उघडता पुढं पळतात, आणि मग त्यांचं जे सुटतं ते त्यांनी निवडून सोडलेलं नसतं.

पॉजचं बटण नाही, हेही घरात खेळणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. आईनं हाक मारली, दारात दूधवाला आला, तरी शत्रू थांबत नाही. एक सोय आहे: मेनूमध्ये इन्व्हेंटरी उघडून मदतीचं बटण दाबलं की मेनू एक्सप्लनेशन असा पर्याय येतो, तो उघडा असेपर्यंत खेळ थांबतो. आमच्याकडं हे बहिणीनं शोधलं आणि घरातली निम्मी भांडणं मिटली.

घ्यायचा असेल तर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांत वापरलेली डिस्क विचारून बघा. पीएस फोरची डिस्क मिळाली तरी पीएस फाइव्हवर ती फुकटात वरच्या आवृत्तीला जाते, फक्त तुमच्या मशीनला डिस्कचा खण हवा. डीएलसी मात्र लगेच घेऊ नका. राडान आणि मोग हे दोन बॉस पडल्याशिवाय ते सुरूच होत नाही. मोगपर्यंत लवकर पोचायचं असेल, तर सुरुवातीलाच भेटणाऱ्या पांढऱ्या मुखवट्याच्या व्हारेचं काम पूर्ण करा. आणि डीएलसीत गेल्यावर कुठल्याही ग्रेसला, म्हणजे विसाव्याच्या जागेला, बसलात की शॅडो रिल्म ब्लेसिंग (ते तुकडे वापरायचा) हा पर्याय आधी उघडा, बाकी काय सोडायचं ते नंतर ठरवा.