हायड्रंटचा फ्लो मोजायचा पिटो गेज: जानेवारी ते जुलै वापरल्यानंतर

फॉर्म बीच्या (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) दोन फेऱ्यांमध्ये हा गेज कोथरूड, बाणेर, वाकडच्या सोसायट्यांत वापरला. ०-१० बारची ग्लिसरीन भरलेली डायल, पुढे पातळ पातं, त्याला बारीक भोक. पातं पाण्याच्या धारेत धरलं की डायलवर प्रेशर दिसतं, त्यावरून फ्लो काढायचा. काम चोख आहे. पण लिटरचा आकडा खरा की खोटा, हे गेजपेक्षा नोझलवर ठरतं.

लँडिंग व्हॉल्व्हच्या (मजल्यावरचा हायड्रंटचा नळ) ६३ मिमी तोंडावर थेट पातं धरू नका. कपलिंगमुळे धार फाटते आणि गुणांक (तोंडाच्या आकारानुसार फ्लो किती कमी धरायचा तो आकडा) कोणता धरायचा यावरच वाद होतो. होज जोडून ब्रँच पाइपला (होजच्या टोकाची हातात धरायची नळी) २० मिमी नोझल लावा. पातं धारेच्या बरोबर मध्यावर, तोंडापासून निम्म्या व्यासावर म्हणजे १० मिमीवर धरायचं. मग लिटर प्रति मिनिट = ०.६६६ × गुणांक × व्यासाचा वर्ग (मिमी) × बारचं वर्गमूळ. गुळगुळीत नोझलला गुणांक ०.९७ धरला, तर ३.५ बारला ४८३ लिटर येतात.

प्रेशर १०% चुकलं तर फ्लो ५ टक्केच चुकतो. व्यासाचं उलट. '२०' कोरलेलं जुनं नोझल झिजून २१ मिमी झालं असेल, तर त्याच ३.५ बारला ५३३ लिटर जातात आणि रिपोर्टात ४८३ लागतात. वर बिचारा पंप कमजोर ठरतो! म्हणून आधी व्हर्नियरने नोझलचं तोंड मोजा, तेही काटकोनात दोनदा. आपटून चेपलेलं तोंड लंबगोल निघतं.

काटा नाचतोच. पेटकॉक (गेजवरची छोटी तोटी) थोडा आवळा, आतली हवा काढा, मधला आकडा घ्या. सुरुवातीचं लाल पाणी निघून जाईपर्यंत पातं धारेत घालू नका, खडा आला की ते वाकतं. बोअरच्या पाण्याचा क्षार भोकात बसतो. टाचणीने कोरलं तर कड बिघडते, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं बरं. ३.५ बारला नोझलचा मागे रेटा साधारण २२ किलोचा, तेव्हा ब्रँचवर दोघं आणि गेजला तिसरा हवाच. सोसायटी टँकरवर चालत असेल तर धार पुन्हा टाकीतच सोडा, दोन मिनिटांत हजार लिटर जातात.

खरी तक्रार एकच. आयात गेजला पाव इंची एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे, आपल्याकडे बीएसपी (ब्रिटिश मापाचे). इंचाला अनुक्रमे १८ आणि १९ आटे. दोन-तीन फेरे बसतात, मग अडकतं आणि टेफलॉन कितीही गुंडाळा, गळतंच. ॲडॉप्टर सोबत मागून घ्या.