परसातील ग्रामप्रिया कोंबड्या : वर्षभरानंतरचा हिशेब

कोल्हापूरच्या उपनगरात, घरामागच्या अर्ध्या गुंठ्याच्या परसात, आम्ही गेल्या फेब्रुवारीपासून आठ ग्रामप्रिया कोंबड्या पाळत आहोत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली ही जात परसात वर्षाला साधारण १६० ते १८० अंडी देते, तर अस्सल गावठी कोंबडी ५० ते ७० अंड्यांच्या पुढे क्वचितच जाते. वनराज ही दुसरी सुधारित जात अंगाने भारी असते, पण अंडी कमी देते. ज्यांचे लक्ष अंड्यांपेक्षा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याकडे आहे, त्यांनी तिचा विचार करावा. आम्हाला पाच माणसांच्या घराला पुरतील एवढी अंडी हवी होती.

कोंबड्या पाळून पैसे वाचतात का, याचे उत्तर तुम्ही आजवर कोणती अंडी विकत घेत होता यावर अवलंबून आहे. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. आठ कोंबड्यांना महिनाभर केवळ विकतचे लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरडलेले खाद्य) घातले, तर ३६ रुपये किलोच्या भावाने साडेनऊशे रुपये लागतात. महिन्याला सरासरी ११० अंडी धरली, तर एक अंडे साडेआठ रुपयांच्या वर पडते. दुकानातले बॉयलरचे अंडे सात रुपयांना मिळत असताना हा व्यवहार सरळ तोट्याचा आहे. मात्र निम्म्याच्या जवळपास खाद्य स्वयंपाकघरातून आणि परसातून निघाले, की तेच अंडे पाच रुपयांवर येते. आम्ही पूर्वी गावठी अंडी बारा ते पंधरा रुपयांना घेत होतो, त्यामुळे आमचे महिन्याला आठशे रुपये वाचतात. उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेले खुराडे, पक्षी आणि अंड्यावर येईपर्यंतचे खाद्य मिळून साडेदहा हजार रुपये गेले; ते अंडी सुरू झाल्यापासून वर्षभरात, फार तर महिना-दोन महिने पुढे, वसूल होतील. बॉयलरच्या अंड्यांच्या भावाने हिशेब केला, तर त्याच वसुलीला जवळजवळ चार वर्षे लागतील आणि तोवर कोंबड्या म्हाताऱ्या झालेल्या असतील.

म्हणून सगळी काटकसर उरल्यासुरल्या अन्नाच्या वापरावर उभी आहे, आणि त्यालाही मर्यादा आहे. शिळा भात, भाकरीचे तुकडे, कोबीची बाहेरची पाने, पालेभाज्यांचे देठ, कलिंगडाच्या साली हे सारे कोंबड्या आवडीने खातात. पण भात-भाकरीने पोट भरते, प्रथिने मिळत नाहीत, आणि लेअर मॅश निम्म्याच्या खाली आणले की आठवड्याभरात अंडी घटतात. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी आम्ही ताडपत्रीच्या खड्ड्यात अॅझोला ही पाण्यावर तरंगणारी, प्रथिनयुक्त वनस्पती वाढवतो. रश्श्याचे खरकटे मात्र घालत नाही. तिखटाची अडचण नाही, कारण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही (कोल्हापुरात राहायला ही मोठीच सोय म्हणायची). भीती असते ती मिठाची. कॅल्शियमसाठी अंड्यांची टरफले वाळवून, चुरून परत घातल्याने विकतच्या शिंपल्यांचा खर्च बराच कमी झाला.

इथल्या पावसाळ्यात खाद्य साठवणे हे सर्वांत नाजूक काम आहे. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघड्या पोत्यातील मॅशला पाहता पाहता बुरशी येते, आणि बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीचे यकृत खराब करते. त्यामुळे या चार महिन्यांत आम्ही मोठे पोते स्वस्त पडत असूनही पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणतो आणि घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवतो. तोच काटेकोरपणा खुराड्यातील गादीला लागतो. भाताचे तूस चार बोटे जाड अंथरून रोज हलवले आणि ओले झालेले लगेच काढून टाकले, तर वास येत नाही. ओल राहिली तर अमोनियाचा उग्र दर्प सुटतो आणि रक्ती हगवणीला आयते निमंत्रण मिळते.

काढलेल्या तुसाचे खत हा दुसरा फायदा. विष्ठेत नत्र भरपूर असल्यामुळे ताजे खत रोपांची मुळे जाळते. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवले, की वांगी आणि मिरचीला शेणखत विकत आणावे लागत नाही. परसातील गोगलगायी आणि वाळवीही कोंबड्या वेचून खातात. मेथी-कोथिंबिरीचे वाफे मात्र जाळीने झाकावे लागतात, कारण किडा आणि कोंब यांत त्या फरक करीत नाहीत.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे आजही अनेकांना पटवून द्यावे लागते. कोंबडा नसल्याने पहाटेचे आरवणे नाही आणि शेजाऱ्यांची तक्रारही नाही. अंडी फलित नसतात एवढेच. पिवळ्या बलकाचा गडद रंग हिरव्या चाऱ्यामुळे येतो, त्यावरून प्रथिने जास्त आहेत असे समजू नये. मुंगसाच्या बंदोबस्तासाठी जाळी जमिनीत वीतभर पुरावी. कोंबड्या अडवायला मिळणारी पातळ जाळी त्याच्यापुढे टिकत नाही.

डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी स्पष्टपणे घटतात. सायंकाळी दिवा लावून चौदा तासांचा उजेड दिला तर घट थोडी कमी होते. दुसऱ्या वर्षानंतर ही घट कायमचीच धरावी लागते. म्हणून पुढची तुकडी पुढील फेब्रुवारीतच, लसीकरण झालेल्या महिन्याभराच्या पिल्लांची घेणार आहोत. उन्हाळ्यात उबेसाठी बल्ब जाळावा लागत नाही, मानमोडीची (राणीखेत रोगाची) पुढची लस पावसाआधी टोचून होते, आणि तलंगा (तरुण कोंबड्या) ऑगस्टच्या सुमारास अंड्यावर येतात. तो नेमका श्रावण असल्याने घरातील निम्मी माणसे अंडी खात नाहीत. पण सुरुवातीची अंडी लहान आणि मोजकीच असतात, त्यामुळे त्याने फारसे बिघडत नाही.