‘पॉटरी थ्रो डाउन’ बघताय? रडणाऱ्या जजपेक्षा भट्टीकडे लक्ष द्या

आधी तारे देऊन टाकतो. पाचपैकी चार. एक तारा त्यांच्या घाईच्या फेरीपायी कापलाय, त्याचं पुढे सांगतो.

‘द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन’ ही ब्रिटिश टीव्हीवरची कुंभारकामाची स्पर्धा. 2015 मध्ये बीबीसीवर सुरू झाली, दोन सीझननंतर बीबीसीनं सोडून दिली, आणि 2020 पासून चॅनेल फोरवाल्यांनी सांभाळलीय. शूटिंग स्टोक-ऑन-ट्रेंट गावात होतं, म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडाच म्हणा ना. केक-पावाची ती प्रसिद्ध ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ स्पर्धा काढणारी कंपनीच ही पण काढते, त्यामुळे साचा तोच: दर भागात एक मोठं काम, मध्ये एक छोटी फेरी, शेवटी कोणीतरी घरी.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी लॅपटॉप टीव्हीला जोडून बसतात. मलाही बोलावतात, कारण जुन्या नाशकात आमच्या घरी चाक होतं. नाना माठ, रांजण, संक्रांतीची सुगडं, दिवाळीची बोळकी, सगळं करायचे. मी पुढे सातपूरला कंपनीत लागलो, पण माती मळणं आणि आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, रचणं हाताखाली केलंय.

या पोरींचा आणि जगभरच्या फॅन मंडळींचा जीव जज कीथ ब्रायमर जोन्सवर. आडदांड माणूस, एखादं भांडं मनासारखं दिसलं की डोळ्यांतून पाणी. तो रडला की पुढचे दोन दिवस मोबाइलवर त्याचेच तुकडे फिरतात. गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारलं तेव्हा नामदेव कुरकुरले आणि कच्चं मडकं ठरले. इथे तपासणाराच रडतो! माझी तक्रार नाही. गडी स्वतः चाकावर वाढलेला आहे. तो भांडं उचलतो, हातात तोलतो, उपडं करून बूड बघतो आणि मगच तोंड उघडतो. नानाही गिऱ्हाइकाला देण्याआधी माठ बोटानं वाजवून घ्यायचे. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा.

माझं भांडण फॅन मंडळींशी आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून. भट्टीचं दार उघडतं, कोणाच्या तरी कामाला तडा गेलेला असतो, आणि सगळे एका सुरात: “अरेरे, बिचारीचं नशीबच खराब!” मागे एकदा मी म्हटलं, नशीब नाही गं, ओल आहे. “काका, तुम्ही ना!” म्हणून मला गप्प केलं. म्हणून इथे लिहितोय.

माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. कप आधीच वाळलेला आणि कान ओला लावला, तर दोघं आपापल्या चालीनं आकसणार आणि जोडावर चीर पडणार. बुडाची माती नीट दाबली नसेल तर तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी चीर येते. जाड भिंतीत ओल राहिली आणि आच भराभर वाढवली, तर शंभर अंशांपुढे आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं उडतं. आत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं असं सगळे म्हणतात, पण नुसती हवा फोडत नाही, फोडतं ते पाणी. तो तडा भट्टीत दिसतो खरा, पण पडायचं ठरतं वाळवणीतच. नाना पावसाळी हवेत माठ घरात गोणपाटाखाली ठेवून सावकाश सुकवायचे. आई चिडायची, पाय ठेवायला जागा नसे. कार्यक्रमात हाच भाग सर्वांत कमी दाखवतात. मधली वाळवण कापून थेट भट्टी, मग बघणाऱ्याला नशीबच वाटणार.

म्हणून 2021 चा सीझन मला सगळ्यांत आवडला. तोवर रिच मिलर भट्टी सांभाळायचा, कॅमेऱ्याच्या कडेला असायचा. त्या वर्षी त्याला जजच्या खुर्चीत बसवलं. फॅन लोकांनी कौतुक केलं ते तो सज्जन, शांत आहे म्हणून. मला पटलं ते वेगळ्या कारणानं: ज्यानं इतकी फुटलेली भांडी बाहेर काढलीत, त्यानंच निकाल द्यावा.

तेव्हापासून शूटिंग ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये होतं. अंगणात विटांच्या, बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या उभ्या आहेत. एके काळी त्या गावात अशा सुमारे 2000 होत्या, आता पन्नासाच्याही आत. कोळशाच्या धुरानं गाव काळं व्हायचं, मग 1950 च्या दशकात धुराचा कायदा आला आणि वीज-गॅसच्या भट्ट्या आल्या. त्यांनी निदान काही राखून म्युझियम तरी केलं. आमचा आवा बंद झाला तो शेजारच्यांच्या धुराच्या तक्रारींनी. चाक पुढे कित्येक वर्षं जिन्याखाली होतं.

आता कापलेला तारा. ‘थ्रो डाउन’ नावाच्या फेरीत घड्याळ लावून पटापट भांडी ओढायला लावतात, कधी डोळ्यांवर पट्टी बांधून. पोरींना हीच फेरी सगळ्यात आवडते, टाळ्या, आरडाओरडा, विचारू नका. वेग नानांकडेही होता, दिवाळीत एका गोळ्यावरून पणत्या सपासप उतरायच्या. पण त्या विकायच्या असत. इथे मोजून झालं की बहुतेक माल परत चिखलात. मला ते बघवत नाही, मी त्या वेळी चहा टाकायला उठतो.

राकू नावाच्या भाजण्याच्या पद्धतीचा भाग मात्र चुकवू नका. लालबुंद भांडं चिमट्यानं भट्टीतून काढून थेट लाकडाच्या भुशात घालतात. भुसा पेटतो, झाकण पडतं, आणि आतल्या धुरानं झिलईच्या बारीक भेगा काळ्या होतात. त्या भागात आमच्या घरी कोणी मोबाइलला हात लावला नाही.

नव्यानं सुरू करणार असाल तर 2021 पासून करा, आधीचे सीझन मागाहून बघितले तरी चालतात. आणि भट्टी उघडायच्या आधी पॉज करून पैज लावा: कोणाचं तडकणार? जोड आणि बुडाची जाडी बघितली असेल तर बऱ्याचदा जिंकाल.